अर्धा चमचा पेट्रोल

प्रीमियर पद्मिनीचे कौतुक निघाले की लोक स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याबद्दल आणि काळ्यापिवळ्या रंगाबद्दल बोलतात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० चा हा अवतार घडला, १९७४ साली त्याला पद्मिनी हे नाव मिळाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. इतिहास एवढा पुरे. हौसेने जपलेल्या ज्या पद्मिन्या अजून फिरतात, त्यांच्या पेट्रोलच्या टाकीला तडा गेला तर ती न्यायची कोणाकडे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वेल्डर येतो. माझ्या मते ती कथलाने झाळणाऱ्या रेडिएटरवाल्याकडे जायला हवी.

कारण पत्र्यातच आहे. त्या काळच्या टाक्या म्हणजे दाबून घडवलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दोन परातीच. कडेने एकमेकींना जोडलेल्या. गंज लागू नये म्हणून पत्र्यावर बहुधा शिसे-कथलाचा मुलामा असे. तडा सहसा पट्ट्याखाली, नाहीतर पेट्रोल भरायच्या नळीच्या मुळाशी जातो, कारण खड्ड्यांचा हिसका तिथेच सारखा बसतो. तिथे वेल्डिंगची ज्योत लावली की पातळ पत्रा वाकतो, मुलामा जळून शिशाचा विषारी धूर होतो आणि पुढचा तडा बऱ्याचदा सांध्याच्या शेजारूनच सुरू होतो. कथील-शिशाचे मिश्रण मात्र १८३ अंशांपासूनच वितळू लागते आणि त्या मुलाम्याला भावासारखे बिलगते. नुसत्या कथलाला ताकद नसते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच तड्याच्या दोन्ही टोकांना हाताच्या ड्रिलने बारीक भोक पाडून त्याची वाटचाल थांबवायची, वर पितळी पत्र्याचे ठिगळ बसवायचे आणि मग झाळायचे. ताण ठिगळ सोसते, कथील फक्त गळती अडवते.

पण खरी कारागिरी झाळण्याच्या आधीची आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक, हे ऐकायला उलटे वाटते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते. हिशेब केला तर चाळीस लिटरच्या टाकीला त्यासाठी अर्धा चमचा पेट्रोलही पुरते, आणि तेवढे तर शिवणीच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्यांत सहज दडून बसते. झाळायचा तांब्याचा ठोकळा दूर शेगडीवर तापवून आणला, ज्योत जवळ नाही, म्हणून निर्धास्त होता येत नाही; ही वाफ अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास ठिणगीवाचूनही पेटू शकते. त्यामुळे गेजचा तरंगा काढून टाकी गरम पाणी-साबणाने अनेकदा धुवायची, वाफेने शेकायची आणि झाळताना तड्याच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरून ठेवायची, म्हणजे वाफेला फारशी जागा उरत नाही. नाकाला वास आला नाही, ही काही तपासणी नव्हे. शेवटी दोन-तीन पौंडांपेक्षा जास्त हवा न भरता साबणाचा फेस फासून बुडबुडे बघायचे. जास्त हवा भरली तर टाकी फुगून शिवणच उसवते.

मग बाहेरून एम-सील का थापू नये? घरी पोहोचण्यापुरते थापावे; साबणाची वडी घासली तरी चालते, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. गंजाने पडलेल्या भोकावर असा लेप काही काळ टिकतो, पण तडा हलत असतो आणि लेप हलत नाही. नवी टाकी आणावी म्हटले तर कारखाना केव्हाच थांबला. भंगारातली टाकीही आपल्या टाकीच्याच वयाची.

इथवर माझी बाजू भक्कम वाटत होती, ती इथेनॉलने डळमळीत केली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा जास्त झाला की पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो आणि तिथून आतला गंज सुरू होतो. इथेनॉलचे प्रमाण खूप वाढले तर शिशाचा मुलामा आणि शिसे असलेला सांधा, दोन्ही झिजतात. म्हणजे ज्या गुणांवर मी रेडिएटरवाल्याला निवडले, तेच कच्चे दुवे ठरतात. २० टक्क्यांवर वेग कमी, पण महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या हौशी गाडीला वेळच वेळ मिळतो. आतून ओतायचे जुने लेपही अल्कोहोलने सुटून इंधनाच्या जाळीत अडकतात. तरीही वेल्डिंगपेक्षा झाळकाम बरे, असे मी म्हणेन. फक्त झाळताना लावलेले आम्ल सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन काढायचे आणि वर्षातून एकदा तळाचे पाणी काढून टाकायचे. पण असे झाळकाम करणारा माणूसच आता विरळ आहे. नव्या गाड्यांच्या रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि टोकाच्या टाक्या प्लास्टिकच्या, गळला की बदलायचा. तांब्या-पितळेचे काम जुन्या ट्रॅक्टरांपुरते आणि जनरेटरांपुरते उरले आहे.