"कोणी लिहिलंय हे?"

पूर्णा आणि नांदेडच्या मधे चुडावा स्टेशन लागतं. या पट्ट्यातल्या पोरापोरींची संगणकाची वाट बहुधा विष्णुपुरीच्या गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतून नाहीतर स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातून निघते आणि पुढे हिंजवडीला किंवा खराडीला जाऊन टेकते. दिवाळीत लॅपटॉपसकट घरी आलेला असा एखादा इंजिनियर स्क्रीनकडे बघत दातओठ खायला लागला, की घरच्यांना वाटतं साहेब रागावला असेल. बऱ्याचदा साहेबाचा संबंध नसतो. त्याने फक्त दुसऱ्याचा कोड उघडलेला असतो.

"कोणी लिहिलंय हे?" असं तो पुटपुटतो आणि त्या माणसाची अक्कल काढतो. पहिला गैरसमज इथेच आहे. वाईट कोड वाईट प्रोग्रामर लिहितो, असं बाहेरच्यांना वाटतं आणि त्याहून जास्त धंद्यातल्यांना वाटतं.

एक उदाहरण जवळून बघू. जमिनीच्या क्षेत्राची बेरीज करणारा एखादा जुना प्रोग्राम आहे. एका तुकड्यापुढे 1.25 लिहिलंय, दुसऱ्यापुढेही 1.25. बेरीज किती? शहरात वाढलेला कुठलाही प्रोग्रामर म्हणेल 2.50. प्रोग्राम मात्र उत्तर देतो 3.10. आत बघावं तर टिंबानंतरचे आकडे वेगळे काढलेत, त्यांना चाळीसने भागलंय, बाकी परत चिकटवलीय आणि भागाकार डावीकडे वाढवलाय. वीस-पंचवीस ओळींचा हा प्रकार बघून नव्या माणसाचे हात शिवशिवतात. एका ओळीची बेरीज, त्यासाठी एवढं रामायण!

चुडाव्यातला कोणताही शेतकरी मात्र ते उत्तर तोंडी देईल. सव्वा एकर नव्हे, एक एकर पंचवीस गुंठे आहेत ते. चाळीस गुंठ्यांचा एकर. पंचवीस आणि पंचवीस पन्नास, म्हणजे एक एकर दहा गुंठे, म्हणून एकूण तीन एकर दहा गुंठे. टिंब दशांशाचं नाहीच, ते एकर आणि गुंठ्यांच्या मधलं आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे शंभर आरचा हेक्टर असल्याने साधी बेरीज चालून जाते. पण जुनी कागदपत्रं आणि माणसांची तोंडं अजून एकर-गुंठ्यातच बोलतात. तो "घाणेरडा" कोड बरोबर होता. चुकलं एवढंच, की लिहिणाऱ्याने कारण लिहून ठेवलं नाही.

मापांचा घोळ अडाण्यांचा होतो असं कोणी समजू नये. अमेरिकेचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं. यान बांधणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर पौंडाच्या हिशोबात आकडे देत होतं आणि ते घेणारं नासाकडचं सॉफ्टवेअर त्यांना न्यूटनच्या हिशोबातले समजत होतं. आपापल्या मापात दोघांचेही आकडे बरोबर होते.

परभणी जिल्ह्याची माहिती सांभाळणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामात आणखी एक विचित्र अट सापडू शकते. तालुका वसमत असेल आणि नोंद 1 मे 1999 च्या आधीची असेल, तर जिल्हा परभणी धरा. त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि वसमत, कळमनुरी तिकडे गेले. त्याआधी 1 मे 1981 रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर परभणीतून गेलं होतं. पदव्यांचंही तेच. 1994 मध्ये नांदेडला विद्यापीठ झालं, त्याच्या आधी इथल्या पोरांच्या पदवीवर औरंगाबादच्या विद्यापीठाचं नाव असायचं, आणि त्या विद्यापीठाचं नावही 1994 मध्येच बदललं. हे सगळं माहीत नसलेल्याला अशा अटी म्हणजे कोणीतरी झोपेत केलेला जुगाड वाटतो. एखादा उत्साही त्या काढून टाकतो, टेस्टिंगमध्ये काहीच फुटत नाही (टेस्टचा डेटा चालू वर्षाचा असतो), आणि एखाद्या दिवशी वसमतच्या एखाद्या म्हाताऱ्याची जुनी नोंद सापडेनाशी होते.

मराठीची स्वतःची गंमत निराळीच. 'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन. दोन, साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. एका कीबोर्डने भरलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डने शोधला की "माहिती उपलब्ध नाही". यावर उपाय म्हणून लिहिलेल्या ओळी इतक्या अगम्य असतात, की मराठी न टाइपलेल्या माणसाला त्या कचराच वाटणार. आणि चुडावा रोमन लिपीत लिहिताना शेवटचा व कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. त्या दोन नावांचं एक गाव करणारी ओळही कुठेतरी लागतेच.

म्हणून सगळा वाईट कोड शहाणाच असतो, असंही नाही. कॉपी-पेस्ट केलेले शंभर-शंभर ओळींचे तुकडे, 'टेम्प' आणि 'टेम्प टू' अशी नावं, चूक आली की गुपचूप गिळून पुढे जाणारा प्रोग्राम, यांना काही इतिहास नसतो. तो आळस असतो, नाहीतर शुक्रवारची संध्याकाळ. पण कोणता कचरा आणि कोणती गरज, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायला बहुतेकांना कमीपणा वाटतो.

आता गावाकडून दिसणारा गैरसमज. "सॉफ्टवेअरने घोळ घातला." 2017 साली हे वाक्य महाराष्ट्राने दोनदा ऐकलं. जूनमध्ये 34 हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली, गावोगावच्या सेवा केंद्रांवर ऑनलाइन अर्ज भरले गेले आणि दिवाळीच्या तोंडावर याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकापुढे अनेक खातेदार निघाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरवलं. 31 जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

दोन्ही वेळा खापर संगणकावर फुटलं. पण आधार क्रमांक काही संगणकाने मनाने लिहिले नव्हते. ते बँकांकडून आलेल्या माहितीत तसेच होते. अशी माहिती दारातच अडवणारी तपासणी आधी लिहावी लागते आणि त्यासाठी वेळ लागतो. मुंबई विद्यापीठात अख्खी पद्धत परीक्षेच्या हंगामातच बदलली, हजारो प्राध्यापकांना ऐन वेळी शिकवावं लागलं. चार आठवड्यांत जे होणार नाही ते चार आठवड्यांत मागितलं, तर कोड लिहिणारा काहीतरी लिहून देतोच. नाही म्हणायची त्याची पत नसते. पुढे दोन वर्षांनी तो कोड उघडणाऱ्याला ती मुदत दिसत नाही, फक्त ओळी दिसतात.

धंद्यात यासाठी 'तांत्रिक कर्ज' असा शब्द आहे, आणि त्याचाही सोयीचा अर्थ लावला जातो. वॉर्ड कनिंगहॅमने 1992 मध्ये ही उपमा वापरली तेव्हा त्याचं म्हणणं असं होतं, की आज जेवढं समजलंय तेवढ्यावर काम सुरू करा, पण समज वाढेल तसा कोड सुधारत चला, तीच परतफेड. गबाळं लिहायला त्याने परवानगी दिली नव्हती. मॅनेजर मंडळींनी उचल तेवढी लक्षात ठेवली, हप्ता विसरले.

मग वैतागलेली टीम कर्जमाफी मागते. "हे सगळं फेकून नव्याने लिहू." तरुण प्रोग्रामरचा हा सगळ्यात लाडका गैरसमज, आणि मला वाटतं सगळ्यात महागही. नेटस्केपने 1998 मध्ये आपला ब्राउझर मुळापासून लिहायचा घाट घातला. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही, सहावी नोव्हेंबर 2000 मध्ये आली, तोवर मायक्रोसॉफ्टने मैदान मारलं होतं. त्याच नव्या कोडमधून 2004 मध्ये फायरफॉक्स 1.0 उभा राहिला हेही खरं, पण ते फळ नेटस्केपच्या ताटात पडलं नाही. नव्याने लिहिताना एकर-गुंठ्याची बेरीज, वसमतची अट, ऱ्याचे दोन अवतार हे सगळं पुन्हा ठेचा खात शिकावं लागतं.

याच्या उलट बाजूला "चालतंय ना, मग हात लावू नको" म्हणणारे असतात. त्यांनी नाइट कॅपिटलचं नाव ऐकून ठेवावं. शेअर बाजारात उलाढाल करणाऱ्या या अमेरिकी कंपनीने 1 ऑगस्ट 2012 रोजी नवा कोड चालू केला. आठपैकी एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला होता. त्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता आणि त्याला जागं करणारी खूणच नव्या कामासाठी परत वापरली होती. सुमारे पाऊण तासात कंपनीने 44 कोटी डॉलरहून अधिक घालवले.

राहता राहिले सहकारी. काम मागे पडलं की माणसं वाढवा, हा उपाय कापूस वेचणीला लागू पडतो, कोडला नाही. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प हाकलेल्या फ्रेड ब्रूक्सने 1975 मध्येच लिहून ठेवलं, की रखडलेल्या प्रकल्पात माणसं घातली तर तो आणखी रखडतो. हिशोब साधा आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या दहा, दहा जणांत पंचेचाळीस. नव्याला शिकवायला जुन्याचेच हात अडकतात. दोन टीममध्ये बोलणं बंद झालं, तर त्यांच्या कोडच्या मधली जागा भावकीतल्या बांधासारखी होते. दोघंही तासून तासून आपापली बाजू नीट ठेवतात आणि मधे कोणाचंच काही उगवत नाही. मेल्विन कॉन्वेने 1968 मध्ये हेच नियम म्हणून मांडलं होतं: संस्थेत माणसं जशी बोलतात, तसाच तिच्या सॉफ्टवेअरचा आकार होतो.

कोड रिव्ह्यूला अनेक जण कोर्टकचेरी समजतात. ज्याचा कोड तो आरोपी, तपासणारा फिर्यादी. आयबीएमच्या मायकेल फॅगनने 1976 मध्ये तपासणीची पद्धत मांडली तेव्हाच बजावलं होतं, की सापडलेल्या चुकांवरून माणसाची कामगिरी जोखू नका, नाहीतर लोक चुका लपवतील. शिवीगाळ केल्याशिवाय दर्जा राहत नाही, असाही एक समज आहे आणि त्याच्या समर्थनार्थ लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सचं नाव घेतलं जातं. त्याच टोरवाल्ड्सने सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या वागण्याची जाहीर माफी मागितली आणि काही काळ कामातून बाजूला झाला. लिनक्सचा दर्जा त्यानंतर घसरल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला टोरवाल्ड्सनेच 2005 मध्ये बनवलेल्या 'गिट'मध्ये 'ब्लेम' नावाची आज्ञा आहे. ओळ कोणाच्या नावावर आहे ते ती सांगते, आणि लोक तिच्यावरून गुन्हेगार ठरवतात. ती दाखवते फक्त शेवटचा हात लावणारा. कोणी नुसती मोकळी जागा नीट केली असेल, तरी ओळ त्याच्या नावावर चढते. तिचा खरा उपयोग त्याच्या पुढचा आहे. त्या दिवशीची नोंद उघडायची आणि बदल का केला ते वाचायचं. तिथे "फिक्स" एवढाच एक शब्द सापडला, तर मात्र वैतागायला हरकत नाही.

अलीकडचा समज असा, की आता एआय कोड वाचून सगळं निस्तरेल. एआय ओळी भराभर वाचतं, लिहितंही. पण 1 मे 1999 ला वसमत कुठे गेलं आणि त्याचा या अटीशी काय संबंध, हे कोडात किंवा त्याच्या शेजारी कोणी लिहिलं नसेल, तर ती ओळ त्यालाही अनावश्यक वाटू शकते आणि ते ती अदबीने काढून टाकायला सुचवतं. चांगल्या कोडला टिपा लागत नाहीत असं शिकवणाऱ्यांनी निदान एवढी एक टीप चालवून घ्यावी: "हिंगोली जिल्हा 1-5-1999 ला वेगळा झाला. त्याआधीच्या वसमतच्या नोंदी परभणीखाली आहेत. ही अट काढू नये."