फेअरवेदरवरील मुक्काम

अलास्का आणि ब्रिटिश कोलंबिया यांच्या सीमेवरील फेअरवेदर पर्वताची उंची 4,671 मीटर आहे, आणि एवरेस्टच्या पायथ्याचा तळदेखील याहून उंच असल्यामुळे निव्वळ आकड्यांवरून पर्वतांची प्रतवारी लावणाऱ्यास तो मध्यम योग्यतेचा वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या शिखरापासून प्रशांत महासागराचा किनारा अवघ्या वीस किलोमीटरांच्या आसपास आहे. हिमालयातील उंच खोरी आणि वस्त्या जी उंची प्रवाशाच्या पदरात आधीच टाकतात, तिचा येथे लाभ नाही. शिवाय समुद्राच्या या सान्निध्याचे मोल हवेत मोजावे लागते. अरबी समुद्रावरून आलेले मोसमी वारे सह्याद्रीला अडून जसे आंबोलीवर आणि महाबळेश्वरावर रिते होतात, तसेच अलास्काच्या आखातावरील बाष्पाने जड झालेले वारे ही भिंत चढता चढता निवतात आणि आपला भार तेथेच टाकतात. मात्र 59 अंश अक्षांशाजवळ, त्या उंचीवर, तो हिमरूपाने पडतो, वर्षानुवर्षे साचून स्वतःच्याच वजनाने घट्ट होतो, आणि हिमनदी होऊन पुन्हा समुद्राकडे चालू लागतो.

अशा पर्वतावर माझ्या हाती सर्वांत अधिक वेळ जर काही राहिले असेल, तर ते फावडे. आज स्की लावलेले लहान विमान प्रवाशांना हिमनदीवर उतरवून देते. पण ते उडून गेल्यावर तंबू लगेच उभारता येत नाही. प्रथम दोर बांधून, लांब सळई पावलापावलावर खुपसत, खाली दडलेली हिमभेग आहे की काय याची तपासणी करावी लागते, आणि निर्धोक ठरलेल्या जागेची हद्द बांबूच्या काठ्या रोवून कायम केल्यावरच त्या हद्दीत दोर सोडण्याची मुभा असते. मग करवतीने बर्फाचे चिरे कापून तंबूच्या चहूबाजूंस माथ्याइतकी भिंत रचायची, आणि तीही तंबूपासून थोडी दूर, म्हणजे वाऱ्याने लोटलेले हिम मधल्या जागेत पडते व उपसण्यास सापडते.

वादळ आले की या बंदोबस्ताची परीक्षा सुरू होते. लडाखातील हिम पिठासारखे झटकून टाकता येते. येथले ओले, चिकट आणि वजनदार असते, कापडावर थर बसू लागला की तंबूचे दांडे वाकतात, आणि झोपलेल्यांच्या अंगावर कापड टेकू लागते. म्हणून रात्रंदिवस पाळ्या लावायच्या, ज्याची पाळी असेल त्याने भिजलेले बूट चढवून बाहेर जायचे, आणि हिम वाऱ्याच्या दिशेनेच फेकायचे. आत स्टोव्ह पेटवण्यापूर्वी हवेचे झरोके उपसून मोकळे केलेच पाहिजेत, कारण कोंडलेल्या तंबूतील विषारी वायूला वास नसतो. या दिवसांत उंचीमापकाकडे पाहण्याची सर्वांना सवय लागते: तंबू जागचा हलला नसताना काटा अधिक उंची दाखवू लागला, तर वायुभार उतरत आहे आणि वादळाचा अंमल अजून वाढणार आहे, असा त्याचा अर्थ असतो.

अशा वेळी रसदीचा हिशेब हाच सर्व मसलतींचा विषय होतो, कारण पिण्याचे पाणीही हिम वितळवूनच मिळत असल्याने इंधन संपले की तहानही भागत नाही. या पर्वताच्या पहिल्या आरोहणाचा निर्णय अशाच हिशेबाने झाला. 1926 साली अर्ध्यावरून परतलेले ॲलन कार्पे, डॉ. विल्यम लॅड आणि अँडी टेलर 1931 साली टेरिस मूर यांस सोबत घेऊन पुन्हा आले. वादळाने चौघांनाही वरच्या तळावर अडकवले, आणि शिधा चौघांना पुरण्याजोगा उरला नाही, तेव्हा लॅड आणि टेलर यांनी आपला वाटा मागे ठेवून खाली उतरण्याचे पत्करले. हवा निवळताच जूनमध्ये कार्पे आणि मूर शिखरावर पोहोचले. इतिहासाच्या दफ्तरात त्या दोघांचीच नावे प्रथम आरोहक म्हणून आहेत, आणि ते यथोचितच आहे. पण ज्याने तेथे उरलेली बिस्किटे मोजली आहेत त्याला मागे ठेवलेल्या शिध्याची थोरवी सांगावी लागत नाही.

आकाश उघडले की निघायचे ते मध्यरात्री. जूनमध्ये तेथे संधिप्रकाश पुरता मावळतच नाही, आणि त्या थंड प्रहरात हिमभेगांवरचे पूल कठीण झालेले असतात. दोरावर तिघे, मधला दोर ना सैल ना ताणलेला. पुढचा कुऱ्हाडीचा दांडा खुपसतो, तो एकाएकी हलका गेला तर थांबतो, बाजूला सरतो, आणि मागचे दोघे पाय रोवून उभे राहतात. ठरावीक अंतरावर बांबूची काठी रोवायची, कारण परतताना धुके आले तर तीच एक वाट असते. वरच्या धारेवर दमट वाऱ्याने खडकांना आणि बर्फाला पांढऱ्या तुषाराची जाड पुटे चढवलेली असतात. कुऱ्हाड मारली की पुट ढासळते, आणि खालचे घट्ट बर्फ सापडेपर्यंत ते तासत बसण्याची चिकाटी, माझ्या मते, बाहूंच्या बळाहून अधिक उपयोगी पडते.

शिखरावर आम्ही फार थांबलो नाही. एका बाजूला महासागर निरभ्र दिसत होता, पण क्षितिजालगत नैर्ऋत्येस ढगांची रेघ उमटली होती, आणि ऊन चढण्यापूर्वी खालचे पूल ओलांडणे भाग होते. तळावर पोहोचल्यावर पुन्हा फावडी काढली. विमानाची घसरपट्टी मऊ राहिली तर उडताना त्याच्या स्की रुततात, म्हणून आम्ही सर्वांनी एकमेकांस खेटून, मागेपुढे चालत, हिम तुडवून घट्ट केले, कडांना काठ्या रोवल्या, आणि वैमानिकाचा निरोप येईपर्यंत उरलेला शिधा पुन्हा एकदा दिवसांत वाटून ठेवला.