आवक किती, भाव किती?

'राजा हरिश्चंद्र' सुरतेला लावताना दादासाहेब फाळक्यांनी जी जाहिरात केली, तिच्यात तीन आकडे होते: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र आणि तिकीट फक्त तीन आणे. फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे, पुढे चित्रपटांचा कारखानाही त्यांनी नाशिकलाच थाटला. आपल्या जिल्ह्याचा हा माणूस जाहिरातीत किती खरं बोलत होता, हे आज घरबसल्या तपासता येतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. १९१३ सालच्या या चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे ५९ हजारांच्या आसपास चौकटी. पहिला आकडा जवळजवळ बरोबर निघाला. पण ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा नाही. दोन मैलांची फिल्म १०,५६० फूट भरली असती. एकाच जाहिरातीत एक आकडा प्रामाणिक आणि त्याच्या शेजारचा जवळपास तिपटीने फुगलेला. सिनेमाच्या धंद्याने ही रीत शंभर वर्षांत सोडलेली नाही.

फाळक्यांच्याच १९१७ सालच्या 'लंका दहन'बद्दल सांगतात, की मद्रासमध्ये तिकिटांची चिल्लर पोत्यांत भरून पोलिस बंदोबस्तात बैलगाडीने न्यावी लागली. ऐकायला ही अतिशयोक्ती वाटते. पण जरा हिशेब मांडून पाहावा. त्या काळचं एक पैशाचं कांस्य नाणं सुमारे ४.८६ ग्रॅमचं. आण्याला चार पैसे, म्हणजे तीन आण्यांचं तिकीट कुणी सुट्ट्या पैशांत काढलं तर बारा नाणी, वजन ५८ ग्रॅम. हजार प्रेक्षकांनी तसं केलं तर एका खेळाला ५८ किलो धातू जमणार. आणे आणि रुपयेही येत असणार, त्यामुळे खरं वजन कमी भरेल. तरी आठवडाभराच्या गल्ल्याला बैलगाडी लागणं मुळीच अशक्य नाही. कथा सिद्ध झाली असं नव्हे, पण गणिताच्या चाळणीतून ती खाली पडली नाही.

अशी चाळणी 'मराठीतला सर्वाधिक कमाईचा चित्रपट' या बिरुदाला लावली तर काय होईल?

निफाड तालुक्यातल्या वाचकाला यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही. लासलगावच्या कांदा बाजारात रोज दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदल्या जातात: आवक किती क्विंटल झाली आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव काय निघाला. यंदा एखाद्याच्या हाती दुप्पट पैसे आले, एवढंच कळलं तर पारावरचा पहिला प्रश्न हाच, की माल दुप्पट गेला की भाव दुप्पट मिळाला? सिनेमाच्या पोस्टरवर मात्र फक्त कोटी छापतात. आवक आणि भाव यांचा गुणाकार सांगायचा आणि दोन्ही गुणक झाकून ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. एकूण कमाईचा आकडा ११० कोटींच्या आसपास सांगितला जातो. रहिमतपुरात मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले, हे तेव्हा वर्तमानपत्रांतून गाजलं होतं. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९९१ मध्ये, विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला. अलका कुबल यांच्या सोशिक नायिकेसाठी बायाबापड्यांनी थिएटरं भरून टाकली. त्याच्या कमाईचा वारंवार छापला गेलेला आकडा सुमारे १२ कोटींचा. शेजारी शेजारी ठेवले तर ११० समोर १२ म्हणजे सामनाच नाही.

पहिली दुरुस्ती महागाईची. सिमल्याचा लेबर ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. ठरलेल्या वस्तूंची एक टोपली घ्यायची, तिची किंमत दरमहा मोजायची, अशी ही पद्धत. एकट्या कांद्याच्या भावाने जुने-नवे रुपये जोखता येत नाहीत, कारण तो भाव एका वर्षातच कित्येक पटींनी खालीवर होतो, म्हणून टोपली. लोकांच्या खाण्यापिण्याच्या सवयी बदलल्या की ही टोपली बदलावी लागते आणि नव्या-जुन्या मालिकांचा सांधा जुळवणारा एक गुणक जाहीर होतो. १९८२ च्या पायावर १९९१-९२ चा सरासरी निर्देशांक होता २१९. मे २०१६ चा २७५, पण तो २००१ च्या पायावर. दोन मालिकांचा सांधा ४.६३. म्हणजे २७५ ला ४.६३ ने गुणून २१९ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ५.८. बारा कोटींचे झाले ७० कोटी. 'सैराट' अजूनही पुढे, पण नऊपटीची दरी दीडपटीवर आली.

इथेच थांबणारे लेख पुष्कळ असतात. खरी अडचण इथून पुढे आहे. तिकीट टोपलीच्या वेगाने महागलेलं नाही. मल्टिप्लेक्स आल्यावर शहरांतल्या तिकिटाने ज्वारी, रॉकेल आणि घरभाडं यांना मागे टाकलं. अमेरिकेत यावर सोपा तोडगा आहे: तिथे थिएटरमालकांची संघटना वर्षाचा सरासरी तिकीटदर जाहीर करत आली. कमाईला त्या दराने भागलं की माणसं मिळतात. त्याच हिशेबाने १९३९ चा 'गॉन विथ द विंड' पुनर्प्रदर्शनांसह सुमारे २० कोटी तिकिटांवर जातो आणि आजच्या अब्जावधी डॉलरवाल्यांना मागे टाकतो. आपल्याकडे बाल्कनी, स्टॉल आणि थर्ड यांचे दर वेगळे, मुंबईचे वेगळे, मनमाडचे वेगळे. राज्याचा असा एक सरासरी दर कुणी काढलाच नाही. एका देशाच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे नियम दुसऱ्या देशाला जसेच्या तसे लावू नयेत, असं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडलं होतं. रानडे जन्मले निफाडलाच, १८४२ मध्ये. त्यांच्यासमोर प्रश्न शेती-उद्योगाचा होता, पण इशारा तिकिटालाही लागू पडतो.

जुन्या आकड्यांत भूगोलाचाही घोळ आहे. वितरकांच्या नकाशात महाराष्ट्र नावाचा प्रदेश नव्हताच. नाशिक, पुणे, मुंबई 'बॉम्बे सर्किट'मध्ये, तेही गुजरात आणि कर्नाटकाच्या काही जिल्ह्यांसह. विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये, तर मराठवाडा 'निजाम'मध्ये. निफाडहून येवला ओलांडून वैजापूरला गेलं, की प्रेक्षक तेच, भाषा तीच, पण गल्ला दुसऱ्या वितरकाच्या वहीत. शिवाय कुणाचा आकडा ग्रॉस, म्हणजे करासह. कुणाचा नेट, म्हणजे कर वजा जाता. आणि कुणाचा नुसता वितरकाचा हिस्सा. 'सैराट' करमणूक कराच्या जमान्यातला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. त्यामुळे २०२३ च्या 'बाईपण भारी देवा'शी त्याची तुलना करतानाही आधी विचारावं लागतं, की हे कोटी कुठल्या जातीचे?

कोटींच्या आधी आठवड्यांची भाषा होती. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल थिएटरात लागला आणि ५७ आठवडे चालला. पुढे दादा कोंडके यांनी ओळीने नऊ रौप्यमहोत्सवी चित्रपट दिले. त्याची नोंद गिनेस बुकात झाली. पैशापेक्षा आठवडे विश्वासार्ह वाटतात, कारण त्यांना महागाई लागत नाही. पण त्यांचीही एक मर्यादा आहे. समजा, ७०० खुर्च्यांच्या थिएटरात रोज चार खेळ, सगळे हाउसफुल्ल. पंचवीस आठवड्यांत जास्तीत जास्त ४ लाख ९० हजार माणसं मावतील. त्याहून एकही जास्त नाही. रोज एकच मॅटिनी असेल तर आकडा चौथ्या हिश्श्यावर येतो, पण महोत्सव रौप्यच राहतो. मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'ने २०१४ मध्ये हजार आठवडे पुरे केले, ते मुख्यतः दिवसाला एका खेळाच्या बळावर. मिनर्व्हातल्या 'शोले'ची पाच वर्षं मात्र पहिली तीन नियमित खेळांची आणि पुढची दोन मॅटिनीची. आठवड्यांना आठवडे समान नसतात. आणि प्रिंटा मोजक्या, थिएटरं मोजकी, म्हणूनही चित्रपट एका जागी मुक्काम ठोकत असे. आज तोच प्रेक्षक शेकडो पडद्यांवर पहिल्या दोन आठवड्यांत उरकला जातो.

डोकी मोजण्याची सरकारी व्यवस्था असली की काय दिसतं, ते फ्रान्समध्ये पाहावं. तिथे राष्ट्रीय चित्रपट केंद्र विकलेली तिकिटं मोजतं आणि लोकही बोलताना तिकिटांचीच संख्या सांगतात. १९६६ च्या 'ला ग्रांद वाद्रुई' या विनोदी युद्धपटाला सुमारे १ कोटी ७२ लाख प्रेक्षक मिळाले. २००८ मध्ये 'ब्यांव्हन्यू शे ले श्ती'ने २ कोटींचा आकडा ओलांडून फ्रेंच चित्रपटांतला हा विक्रम मोडला. पण १९६६ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या ४ कोटी ९० लाखांच्या आसपास होती आणि २००८ मध्ये ६ कोटी २० लाखांच्या. लोकसंख्येशी प्रमाण काढलं तर जुना ३५ टक्के, नवा ३३. नव्याने विक्रम मोडला खरा, पण प्रमाणात तो निसटता हरलाही.

हीच कसोटी आपल्या दोन चित्रपटांना लावता येईल. दोन्ही सरासरी दर माहीत नाहीत म्हणून हात टेकायचं कारण नाही. गणितात अज्ञात संख्येला उंबरठा घालता येतो. धरून चाला, की 'सैराट'चं सरासरी तिकीट ९० रुपयांचं होतं. ११० कोटी भागिले ९०, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख तिकिटं. महाराष्ट्राची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत ७ कोटी ८९ लाख होती, २०११ मध्ये ११ कोटी २४ लाख. त्याच प्रमाणात 'माहेरची साडी'ला बरोबरी साधायला ८६ लाख तिकिटं पुरतात. बारा कोटींत ८६ लाख तिकिटं बसायची तर सरासरी दर १४ रुपये निघतो. दर त्याहून कमी असेल तर साडी पुढे, जास्त असेल तर सैराट. नव्वदऐवजी ७५ धरले तर उंबरठा पावणेबारा रुपयांवर येतो. १२० धरले तर पावणेएकोणीसवर जातो. २०१६ ची खरी लोकसंख्या २०११ पेक्षा जास्त होती, म्हणजे उंबरठा आणखी थोडा वर सरकणार. १९९१-९२ च्या सुमारास तालुक्याच्या गावी स्टॉलचं तिकीट सहसा एक आकडीच असे, आणि 'माहेरची साडी'चा मोठा प्रेक्षक ग्रामीण, हे ध्यानात घेतलं तर कौल कुणीकडे झुकतो ते उघड आहे. कळीचा भाग तो बारा कोटींचा आकडा. त्यात कर धरला होता की नाही, तीनही सर्किटं आली होती की नाही, यावर सगळं अवलंबून.

या हिशेबात तंबू टॉकीज आलेलीच नाहीत. जत्रेच्या मैदानात ट्रकवर प्रोजेक्टर, जमिनीवर बसायची सोय, आणि शहरात उतरलेल्या चित्रपटाची घासून रेघा पडलेली प्रिंट. ठरावीक रक्कम मोजून आणलेल्या अशा प्रिंटवर किती माणसं जमली, याची खबर निर्मात्यापर्यंत पोचायची गरजच नसे. जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रेक्षकसंख्येत हा तुकडा नेहमी कमी पडतो, आणि तो नेमका ग्रामीण असतो.

गंमत अशी, की पक्क्या थिएटरांत डोकी रोज मोजली जात होती. प्रत्येक खेळानंतर मॅनेजर 'डीसीआर', म्हणजे रोजच्या गल्ल्याचा तक्ता भरायचा: कुठल्या वर्गाची किती तिकिटं खपली, दर काय, कर किती. करमणूक कर महसूल खात्याकडे असल्याने त्यावर तपासणीही असे. ब्लॅकवाल्याने वरचे पैसे कितीही घेतले, तरी तक्त्यात तिकिटाची संख्या तीच राही. आवक आणि भाव हे दोन्ही स्तंभ त्या कागदावर होते. ते जमवून चित्रपटवार बेरीज करण्याचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं, कारण सरकारला कर हवा होता आणि वितरकाला हिस्सा. कुणा बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर १९९१-९२ चे तक्ते अजून बांधून ठेवलेले असतील, तर चौदा रुपयांच्या प्रश्नाचं निदान एका गावापुरतं उत्तर त्यांत आहे.