विस्तुलेच्या पैलतीरावरून

वॉर्सा शहराविषयी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात हे शहर जमीनदोस्त झाले आणि अठराव्या शतकातील एका इटालियन चित्रकाराच्या चित्रांवरून ते पुन्हा जसेच्या तसे उभारले गेले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांच्याविषयी वाचता वाचता मी वॉर्सापर्यंत पोचलो आणि एका लहानशा व्याख्यानात हीच गोष्ट रंगवून सांगितली. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारले, “जुन्या शहराचा मुख्य बाजारचौक कोणत्या चित्रात आहे?” मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन चित्रांची यादी तपासली. तसे चित्र त्या मालिकेत नव्हतेच! प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

चित्रकाराचे नाव बेर्नार्दो बेलोत्तो. व्हेनिसमधील नामांकित चित्रकार कानालेत्तो हा त्याचा सख्खा मामा आणि गुरूही. भाचा उत्तरेकडे गेल्यावर मामाचेच नाव लावू लागला, म्हणून पोलंडमध्ये आजही ‘कानालेत्तो’ म्हटले की बेलोत्तोच समजतात. १७४७ मध्ये तो ड्रेस्डेनच्या दरबारी आला. पुढे सेंट पीटर्सबर्गकडे निघाला असता वाटेत वॉर्साला थांबला आणि राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्कीच्या पदरी राहिला तो कायमचाच. १७८० मध्ये वॉर्सातच त्याचे निधन झाले. तोवर त्याने या शहराची सव्वीस दृश्ये रंगवली होती.

त्यांतले १७७० चे ‘प्रागाकडून दिसणारे वॉर्सा’ हे आपल्या विषयाचे मर्म सांगते. हे प्रागा म्हणजे चेक लोकांची राजधानी नव्हे. विस्तुला नदीच्या उजव्या तीरावरचे वॉर्साचे उपनगर. अडीच मीटरांहून अधिक रुंदीच्या त्या पटावर पैलतीर उभा आहे. उंच काठावर राजवाडा, त्याच्या उजवीकडे जुन्या शहराची दाटी, डावीकडे सरदारांचे प्रासाद आणि खाली संथ नदी. हीच नदी पोलंडचे धान्य व लाकूड बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्क बंदरापर्यंत नेत असे. चित्रानंतर दोनच वर्षांनी शेजारच्या तीन सत्तांनी पोलंडचे पहिले लचके तोडले आणि १७९५ मध्ये हे राज्य नकाशावरूनच पुसले गेले.

चित्र इतके बिनचूक वाटते याचे एक कारण म्हणजे कॅमेरा ऑब्स्क्युरा. ही भिंग व आरसा बसवलेली अंधारी पेटी असते. समोरचे दृश्य तिच्यातल्या काचेवर किंवा कागदावर उमटते आणि चित्रकार त्याच्या रेषा गिरवून घेतो. मात्र एवढे रुंद नदीपात्र आणि त्यावरचे शहर एका दृष्टिक्षेपात पेटीत मावत नाही. तुकडे काढून ते जोडावे लागतात आणि त्या सांध्यावर चित्रकाराचा हात चालतो. दृश्य डौलदार व्हावे म्हणून बेलोत्तो इमारतींची प्रमाणे आणि तपशील कुठे कुठे बदलतही असे.

१९४४ चा उठाव मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने घरे एकामागून एक जाळली, सुरुंग लावून उडवली. ऐतिहासिक वॉर्साचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. चित्रेही जर्मनांनी लुटून नेली होती. ती १९४५ मध्ये परत मिळाली. वास्तुरचनाकारांना त्यांचा उपयोग झाला तो मुख्यतः राजवाड्यापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या राजरस्त्यावर आणि म्योदोवा रस्त्याच्या परिसरात. ब्रानित्स्की प्रासाद उभारताना बेलोत्तोचे चित्र समोर होते. त्या वास्तूंत एकोणिसाव्या शतकात झालेले फेरफार गाळून अठराव्या शतकातले रूप पुन्हा घडवण्यात आले. म्हणजे १९३९ मध्ये लोकांनी पाहिलेले शहर तिथे परत आले नाही. त्यांच्या खापरपणजोबांनी पाहिलेले आले, तेही चित्रकाराच्या नजरेतून.

मग जुना बाजारचौक कशावरून उभा राहिला? वॉर्साच्या पॉलिटेक्निकमधील वास्तुशास्त्राच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी घराघरांची मोजमापे घेऊन आराखडे काढले होते. जर्मन अंमलातही हे काम त्यांनी चोरून चालू ठेवले. उठावानंतर यांतले कागद शहराबाहेर काढून प्योत्रकुफ येथील मठात लपवण्यात आले. त्या आराखड्यांच्या, जुन्या छायाचित्रांच्या आणि ढिगाऱ्यात सापडलेल्या अवशेषांच्या आधारे १९५३ पर्यंत चौक पुन्हा उभा राहिला. दर्शनी भिंती जुन्या वळणाच्या, आत मात्र नव्या सोयींची राहती घरे. १९८० मध्ये युनेस्कोने या पुनर्रचित शहराला जागतिक वारशात स्थान दिले.

प्रचलित गोष्ट सर्वस्वी खोटी नाही. पण तिने एकाच्या पदरात सगळे श्रेय टाकले आहे. एक दरबारी चित्रकार आणि रंगवलेला भव्य पट एवढ्यावर गोष्ट चटकन सांगून होते. टेप घेऊन जिन्याची उंची मोजणारे विद्यार्थी तिच्यात मावत नाहीत. बेलोत्तोने शहराचा चेहरा टिपला. खिडकी किती रुंद आणि भिंत किती जाड हे त्या मुलांनी लिहून ठेवले. आज बेलोत्तोची बावीस चित्रे राजवाड्याच्या कानालेत्तो दालनात आहेत. हा राजवाडाही १९७१ नंतर नव्याने बांधलेला आहे. ज्या वास्तूसाठी ती रंगवली, ती गेली. चित्रे उरली आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या त्याच वास्तूत परतली.

त्या श्रोत्याची पुन्हा भेट झाली नाही. हा अंक त्यांच्या हाती पडावा, एवढीच इच्छा.