आरसा हलेना, तेव्हा करंट शोधा

हरमल, मांद्रे, मोरजीच्या आतल्या रस्त्यांवर चिऱ्यांचे गडगे दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. समोरून बस आली की गाडी कडेला दाबायची आणि डावा आरसा मिटायचा, याची पेडण्यातल्या चालकाला सवयच असते. केरीहून तेरेखोलला किंवा डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या की पुन्हा तेच. आता हे काम बटणावर होतं. बटण दाबूनही आरसा हलला नाही, की मात्र बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो: नवीन केवढ्याला मिळेल?

मोटारीवरच्या आरशाची गोष्ट सांगताना रे हॅरून या अमेरिकी शर्यतपटूचं नाव हटकून निघतं. ३० मे १९११ रोजी इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत इतर गाड्यांत मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक बसला होता. हॅरून एकटाच उतरला, म्हणून त्यानं गाडीवर आरसा बसवला आणि शर्यत जिंकली. विटांच्या ट्रॅकवर गाडी इतकी हादरत होती की आरशात काही धड दिसत नव्हतं, असं तो पुढे सांगत असे. आपल्याकडे सुरुवातीच्या मारुती ८०० ला बाहेरचा आरसा फक्त चालकाच्या बाजूला होता. डावीकडचा आरसा, मग आतून फिरवायचा दांडा, मग मोटर आणि शेवटी आपोआप मिटणं, असं हे यंत्र वाढत गेलं.

आरशाच्या प्लास्टिकच्या घरात, काचेमागे दोन छोट्या मोटरी असतात. एक काच वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. मिटणारा आरसा असेल तर बुडाशी तिसरी. साध्या रचनेत काच फिरवणाऱ्या दोन मोटरींना मिळून तीनच वायरी जातात: प्रत्येकीची एक आणि दोघींत सामाईक एक. स्विच विजेची दिशा उलटी करतो, की मोटर उलटी फिरते. मोटरीची ताकद नायलॉनच्या दातेरी चाकांतून काचेपर्यंत पोचते. काच टोकाला गेल्यावर येणारी टकटक ही बिघाडाची खूण नव्हे. मोटर जळू नये म्हणून क्लच घसरतो, त्याचा तो आवाज.

या नाजूक सामानाला गोव्याची हवा मानवत नाही. किनारपट्टीवर खारा वारा कपलरच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढवतो. डिचोली, मये, साखळीकडे लाल धूळ मिटणाऱ्या आरशाच्या सांध्यात जाऊन बसते. तिथल्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, पण माती लालच आहे आणि रस्तेही. त्यावर चार महिन्यांचा पाऊस. भाड्यानं फिरणाऱ्या गाड्यांच्या नशिबी आणखी एक छळ असतो. बटणानं मिटणारा आरसा पर्यटक हातानं ओढतात आणि आतली खाच सुटते. अशा वेळी बटणानं आरसा एक-दोनदा पूर्ण मिटून उघडला, तर पुष्कळदा कट् असा आवाज होऊन तो जागेवर बसतो.

जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी विचारतो: नक्की काय बंद आहे? दोन्ही आरसे बंद असतील तर आरशांना हात लावायचं कारणच नाही. आधी चावी फिरवलेली आहे का आणि स्विचचा डावा-उजवा खटका मधोमध तर राहिला नाही ना, एवढं बघायचं. मग फ्यूज. अनेक गाड्यांत तो चार्जिंग सॉकेटशी सामाईक असतो, त्यामुळे भलताच चार्जर खुपसला आणि आरसे गेले, असं होतं. एकच आरसा बंद असेल तर दोष बहुधा त्या दारात. वर-खाली चालतं पण आत-बाहेर नाही, म्हणजे फ्यूज आणि सामाईक वायर शाबूत आहेत. उरली ती एक मोटर किंवा तिची वायर. मोटर गुरगुरते पण काच ढिम्म, तर चाकाचे दाते गेले किंवा काच खाचेतून निसटली.

दार आणि खांब यांच्यामधली वळ्यावळ्यांची रबरी नळी ही जुन्या गाडीची खास दुखरी जागा. दार उघडताना दर वेळी तिच्यातल्या वायरी वाकतात. वर्षानुवर्षं वाकून एखादीची तांब्याची तार आतून तुटते; बाहेरचं आवरण मात्र धड दिसतं. दार अर्धं उघडल्यावर आरसा चालतो आणि लावल्यावर बंद पडतो, असं झालं की संशय इथेच घ्यायचा. नळी मागे सरकवून एकेक वायर हलकी ताणली, तर तुटलेली रबरासारखी लांबते. जोड मात्र वाकणाऱ्या जागी द्यायचा नाही. तिथे लवचिक वायरीचा नवा तुकडा टाकून दोन्ही जोड वळणाच्या बाहेर न्यायचे. नाहीतर सोल्डरनं ताठ झालेली वायर त्याच्याच शेजारी पुन्हा तुटते.

मोटर तपासायला मोठं साधन लागत नाही. कपलर सोडवून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरीच्या दोन पिनांना क्षणभर लावायची. काच हलली तर मोटर जिवंत आहे, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये. दाराचं पॅड काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह सोडवावी आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना हात लावू नये. नव्या गाड्यांत स्विच आणि मोटर यांच्यामध्ये कंट्रोल मॉड्यूल असतं. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही.

काच फुटली असेल तर बहुतेक वेळा नुसती काच मिळते. मोटर गेली तरी काही गाड्यांत तेवढीच बदलता येते. अख्खा आरसा बदलणं दुकानदाराला सोपं आणि मालकाला महाग. म्हणून खर्चाला होकार देण्याआधी मेस्ताला एवढंच विचारा: करंट कुठपर्यंत येतोय? ज्याला हे दाखवता येतं, त्याच्याच हाती दार सोपवा.