निरुद्धप्रकश : शस्त्रकर्म लहान, संकोच मोठा

काही महिन्यांपूर्वी एक पन्नाशीचे गृहस्थ चिकित्सालयात आले. बराच वेळ पोटाच्या तक्रारी सांगून झाल्यावर, उठता उठता हळूच म्हणाले, "आणखी एक सांगायचे राहिले." शिश्नाग्राची त्वचा वर्षभरापासून मागे सरत नव्हती. तिला चिरा पडत आणि मूत्रप्रवृत्तीच्या वेळी दाह होई. या काळात त्यांनी औषधांच्या दुकानातून चार निरनिराळी मलमे आणून लावली होती. रक्तशर्करा मात्र एकदाही तपासली गेली नव्हती. ती तपासली तेव्हा मधुमेहाचे निदान झाले. वैद्य आणि औषधविक्रेते या दोघांनीही लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

आचार्य सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात, क्षुद्ररोगांमध्ये, या व्याधीचे वर्णन केले आहे. वातदुष्ट चर्म मणीस आच्छादून मूत्रमार्ग रोधते व मूत्राची धार मंद होते, तो निरुद्धप्रकश. मागे सरलेले चर्म मण्याखाली ग्रंथीप्रमाणे अडकते, ती परिवर्तिका. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात निरुद्धप्रकशासाठी घृताने माखलेली द्विमुखी नाडी घालून, दर तीन दिवसांनी अधिक स्थूल नाडी वापरत मार्ग विस्तृत करण्यास सांगितले आहे. अन्यथा सेवनी वाचवून छेद घ्यावा व सद्यःक्षताप्रमाणे उपचार करावेत, असा पर्यायही दिला आहे.

शस्त्रकर्म कोणास, कोणास नाही

नवजात बालकाची त्वचा मण्याशी चिकटलेली असते. हा व्याधी नव्हे. बहुतेक मुलांमध्ये ती वाढत्या वयाबरोबर आपोआप मोकळी होते. काहींमध्ये यास वयात येईपर्यंतचा काळ लागतो. आपल्याकडे बाळाला तेल लावताना ही त्वचा रोज बळाने मागे ओढण्याची प्रथा अनेक घरांत आहे. त्यामुळे सूक्ष्म क्षते होऊन व्रणवस्तू तयार होते आणि नसलेला रोग निर्माण होतो. घरातील वडीलधाऱ्यांना हे आपणच समजावून सांगितले पाहिजे.

खऱ्या संकोचातही अनेक मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली चार ते आठ आठवडे सौम्य स्टेरॉइड मलम लावून गुण येतो. वारंवार पाक होणे, मूत्ररोध किंवा त्वचा पांढरी व कठीण होणे, अशा वेळी मात्र शस्त्रकर्माचा विचार करावा. पांढऱ्या, कठीण त्वचेचा छेदित भाग सूक्ष्मदर्शक परीक्षणास पाठवावा. मूत्रद्वार जन्मतः खालच्या बाजूस असलेल्या बालकाचे हे शस्त्रकर्म करू नये. पुढील दुरुस्तीसाठी तीच त्वचा लागते.

पूर्वकर्म व प्रधानकर्म

रक्तशर्करा, रक्तस्रावाची प्रवृत्ती आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी आवर्जून करावी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात. त्यांमुळे या भागी बुरशीजन्य पाक होतो, हेही ध्यानात असावे. प्रौढांत हे कर्म सामान्यतः स्थानिक भूल देऊन होते. बालकांस बहुधा पूर्ण भूल लागते. साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. टाके विरघळणारे असतात.

पश्चात्कर्म

रुग्णास पुढील गोष्टी आधीच सांगितल्या तर निम्मी भीती जाते. पहिले दोन-तीन दिवस शोथ वाढतो. मणी कपड्याच्या स्पर्शानेही हुळहुळतो. त्यावर पिवळसर पातळ पापुद्रा दिसतो. दुर्गंध, ताप व वाढता लालसरपणा नसल्यास तो पूय समजू नये. प्रौढांत पहाटेच्या ताठरतेने टाके ताणले जाऊन वेदना होतात. झोपण्यापूर्वी मूत्रविसर्जन केल्याने काहीसा आराम पडतो. सैल सुती वस्त्र वापरावे, मलावरोध होऊ देऊ नये. दुचाकी व जड कामे सुमारे दोन आठवडे, तर मैथुन चार ते सहा आठवडे वर्ज्य करावे. टाके दोन-तीन आठवड्यांत गळतात.

त्रिफळा क्वाथाचे धावन किंवा जात्यादि तैल शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याच्या अनुमतीनेच सुरू करावे. ताज्या टाक्यांवर घरगुती लेप लावू नयेत.

दहा मिनिटे दाबून धरूनही न थांबणारा रक्तस्राव, मूत्ररोध, ताप, दुर्गंधी स्राव किंवा मणी निळा-काळा पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

परिवर्तिकेत विलंब नको

सुश्रुतांनी परिवर्तिकेत घृताभ्यंग, स्वेदन व तीन किंवा पाच रात्री उपनाह करून त्वचा हळूहळू पूर्ववत आणण्यास सांगितले आहे. मणी दाबून चर्म पुढे आणण्याचे ते तत्त्व आजही तेच आहे. कालमर्यादा मात्र तीच मानता येणार नाही. अडकलेल्या त्वचेमुळे मण्याचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो, म्हणून हे काम काही तासांतच व्हावयास हवे. मूत्रनलिका घातल्यावर त्वचा पुढे आणण्यास विसरणे हे याचे एक टाळता येण्याजोगे कारण आहे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. "खाजेचे मलम द्या" असे कोणी दबक्या आवाजात दुसऱ्यांदा मागितले, तर मलमाआधी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा. स्टेरॉइडमिश्रित मलमाने दाह तात्पुरता दबतो, निदान मात्र लांबते. वर उल्लेखिलेल्या गृहस्थांची शर्करा नियंत्रणात आल्यावर शस्त्रकर्म झाले आणि महिन्याभरात व्रण भरून आला. जाताना ते म्हणाले, "कोणी आधी विचारले असते, तर मी सांगितले असते." तो प्रश्न आपण विचारावयास हवा.