सात सेंटिमीटर

मावशी गेल्यावर तिच्या कपाटात मूळव्याधीच्या मलमाच्या अकरा रिकाम्या नळ्या सापडल्या. संडासवाटे रक्त पडतंय हे तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या नळ्या डोक्यातून जाईनात, म्हणून मी एका सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत परवानगी काढून एक सकाळ बसले.

नाव, वय, केसपेपर. मग पडद्यामागं सिस्टर विचारतात, ‘रक्त लालभडक की काळपट? वरून थेंब पडतात की शौचात मिसळलेलं? दुखतं?’ घरच्या माणसाची चौकशी करावी तसा त्यांचा आवाज असतो, आणि मान खाली घालून आलेली माणसं बोलू लागतात. रिक्षाचालक तरुणाला सुरी फिरवल्यासारखी कळ आणि शौचावर रक्ताची रेघ: फिशर. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला न दुखता टपटप लाल रक्त: मूळव्याध. कॉलेजातल्या पोराला रक्ती आव, दिवसातून दहादा धाव. तो अमिबाचा संसर्ग असेल, आतड्याला सूज असेल किंवा आतड्याचा क्षयही. शौचाची तपासणी आणि दुर्बीण झाल्याशिवाय सांगता येत नाही. एका आजींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पूर्वी शेक दिले होते, त्यानं आतलं अस्तर नाजूक होऊन आता रक्त येतंय.

‘गुदाशय साधारण पंधरा सेंटिमीटर,’ डॉक्टर हातमोजा चढवत म्हणाले. ‘त्यातलं सात माझ्या बोटाला कळतं.’ सात सेंटिमीटर. थोडी जेली आणि अर्धं मिनिट. मावशीला एवढंही कुणी तपासलं नव्हतं.

अकराच्या सुमारास साठीचे एक शेतकरी आले. आठ महिने मूळव्याधीची औषधं चालू होती: आधी गावातली पुडी, मग भिंतीवरची जाहिरात वाचून शहरातलं इंजेक्शन. रक्त शौचात मिसळलेलं, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं, पट्ट्याला दोन नवी भोकं. ‘दुखत मात्र काहीच नाही,’ ते सांगत होते, जणू तेवढाच आधार होता. गुदद्वाराच्या थोडं वर गेलं की अस्तराला दुखणं कळतच नाही. तिथली गाठ मुकाट वाढते. मूळव्याधीचे कोंब दिसले म्हणजे वर गाठ नाही, असंही नसतं.

ते डाव्या कुशीवर वळले. सिस्टरनी खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांचं बोट एका जागी थांबलं.

‘पाच,’ ते लिहून घेणाऱ्या मुलीला म्हणाले.

सातातले पाच. आठ महिने ती गाठ बोटाच्या टप्प्यात होती.

‘मूळव्याधच ना ती?’ भिंतीकडं तोंड ठेवूनच काकांनी विचारलं.

सिस्टरनी हात काढला नाही. ‘दुर्बिणीनं बघू, काका. छोटा तुकडा तपासायला पाठवू. बाहेर घरचं कोण आलंय?’